नॅशनल पार्क पहिल्यांदा बघायचंय, सुरुवात कुठून करायची

पहिला पाऊस पडला की मला दरवर्षी सात-आठ मेसेज तरी येतातच, कोणी ऑफिसमधलं, कोणी नात्यातलं, कोणी नुकतंच बोरिवली-कांदिवलीकडे राहायला आलेलं, की अगं तू सारखी नॅशनल पार्कात जात असतेस ना, आम्हालाही जायचंय, एका दिवसात होईल का सगळं बघून? माझं उत्तर ठरलेलं आहे, नाही होणार, आणि करायलाही जाऊ नका. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध, चारही बाजूंनी इमारती आणि आत बिबटे, आणि पहिल्याच रविवारी सफारी, कान्हेरीच्या बौद्ध गुहा, जैन मंदिर, वर एखादा ट्रेल असं सगळं कोंबलं की संध्याकाळी पाय तेवढे दुखतात, जंगल बघायचं राहूनच जातं. चार वेळा जा. दर वेळी एकच गोष्ट, पण निवांत. मी सोळा-सतरा वर्षं जातेय आणि ज्यांना ज्यांना घेऊन गेले त्यांच्यात जे हळूहळू आले तेच पुढे टिकले, म्हणून तोच क्रम इथे सांगतेय.

आधी नकाशा डोक्यात बसवा

बरेच जण समजतात की नॅशनल पार्क म्हणजे बोरिवलीचं ते मोठं गेट आणि आतली बाग. ती फक्त पश्चिमेची ओसरी झाली. जंगल तिथून पूर्वेला थेट ठाण्याच्या येऊरपर्यंत जातं, मुलुंड-भांडुपच्या मागचे डोंगर ह्याच जंगलाचे, दक्षिणेला गोरेगावची फिल्म सिटी आणि आरे त्याला लागून, उत्तरेला घोडबंदर रोडच्या बाजूला नागला नावाचा भाग आहे जिथून वसईची खाडी दिसते. पोटात दोन तलाव, विहार आणि तुळशी, विहार १८६० चा आणि तुळशी १८७९ चा, मुंबईला नळाचं पाणी मिळावं म्हणूनच बांधलेले आणि आजही त्यांचं पाणी शहरात येतं. हे दोन्ही तलाव आपल्याला फिरायला उघडे नाहीत आणि ते तसंच बरं आहे. बोरिवली-दहिसरचे लोक जिला नाला म्हणतात ती दहिसर नदी तुळशीच्याच बाजूने निघून पार्कातून वाहत येते, आत तिचं पाणी एकदा बघा, तळाचे गोटे मोजता येतात, मग पुलाखालचं तिचं रूप बघितलं की पोटात तुटतं.

सगळ्यात उंच जागा जांभूळमाळ, ४६८ मीटर. म्हणजे सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या मानाने टेकाडच, पण मुंबईच्या दमट हवेत ते टेकाडही घाम काढतं, त्यामुळे "हे काय, नुसती बाग तर आहे" म्हणून चपला घालून येऊ नका.

दिवस, वेळ, आणि पोचायचं कसं

सोमवारी पार्क बंद असतो. हे पहिलं लिहून ठेवा, कारण सोमवारची सुट्टी घेऊन गेटवरून परत आलेली माणसं मी स्वतः बघितलीत. पर्यटकांसाठी गेट साधारण साडेसातला उघडतं, त्याआधी पहाटे रोजचे फिरायला येणारे पासवाले असतात. तुम्ही साडेसातला गेटवर हजर राहा, हे मी कळकळीने सांगतेय. दहाला पोचलात तर ऊन चढलेलं असतं, पक्षी गप्प झालेले असतात आणि गर्दी सुरू. रविवार टाळता आला तर टाळा, शनिवारी सकाळी बरं असतं आणि मंगळवार ते शुक्रवारात एखादी रजा टाकता आली तर त्यासारखं सुख नाही.

ट्रेनने बोरिवली पूर्वेला उतरा, तिथून रिक्षा मिळते नाहीतर चालत पंधरा-वीस मिनिटं. मेट्रोने येणार असाल तर ७ नंबरच्या लाइनवर स्टेशनचं नावच राष्ट्रीय उद्यान आहे, उतरलं की हायवेवरच, गेट जवळ. स्वतःची गाडी शक्यतो आणू नका. आत गाड्या कुठपर्यंत सोडायच्या ह्याचे नियम मधूनमधून बदलतात आणि तसंही गाडीच्या काचेतून ह्या जंगलातलं काही दिसत नाही. गेटजवळ सायकली भाड्याने मिळतात, आतपर्यंत बसही जाते, तिकिटाच्या खिडकीवरच परतीची शेवटची बस कधी आहे ते विचारून घ्या. हे आठवणीने विचारा हं, कान्हेरीपासून गेटपर्यंत सहा-सात किलोमीटर आहे आणि दिवसभर फिरून झाल्यावर तेवढं अंतर फार वाटतं.

पिशवीत काय

पाणी माणशी दोन लिटर, स्टीलच्या नाहीतर चांगल्या जाड बाटलीत, कारण गेटवर बॅगा तपासतात आणि वापरून फेकायचं प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत. पूर्ण पायघोळ पॅन्ट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, रंग मातकट किंवा हिरवट, लाल-पिवळा भडक नको. बूट ग्रिपवाले, जुने पण सवयीचे, नवे बूट पहिल्यांदा इथे घालून आलात तर टाचेला फोड ठरलेला. टोपी, छोटी टॉर्च, मीठ-साखरेची पाकिटं, चिकटपट्टी (ही का ते पुढे सांगते), आणि खायला चपातीभाजी किंवा चणे-गूळ असं काहीतरी ज्याचा वास आणि कुरकुर कमी. वेफर्सच्या पिशवीचा आवाज माकडांना शंभर फुटांवरून कळतो. डबा उघडायचा तो चालताना नाही, बसून, चहूकडे बघून. माकडांना काहीही खायला घालू नका, एक केळं दिलंत की त्या माकडाला माणूस दिसला की केळं आठवतं आणि मग ते पुढच्या माणसाच्या लहान पोराच्या हातावर झडप घालतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि ते पोर किती तरी वेळ थरथरत होतं.

परफ्यूम, डिओ नको. कान्हेरीच्या कड्यांना आणि मोठ्या झाडांना आग्या मोहोळं असतात, उग्र वास आणि धूर ह्या दोन गोष्टींनी मधमाशा बिथरतात. स्पीकर तर आणूच नका.

पहिली खेप: कान्हेरी, चालत

पहिल्या वेळी फक्त कान्हेरी करा. जाताना बस घेतलीत तरी चालेल, येताना निदान निम्मा रस्ता चाला, रस्ता डांबरी आहे, चुकायची भीती नाही, दोन्ही बाजूंना जंगल, आणि नव्या माणसाला जंगलात पाय ठेवायची सवय व्हायला ह्याहून चांगली जागा नाही.

गुहांचं तिकीट वर वेगळं लागतं, पुरातत्त्व खात्याचं. गुहा शंभराहून जास्त आहेत, कामाला सुरुवात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास आणि पुढे हजारभर वर्षं इथे भिक्षू राहत होते, ही नुसती बघून जायची लेणी नव्हती, ती एक वस्ती होती, विद्यापीठ म्हणा. कान्हेरी हे नाव कृष्णगिरीवरून आलं, काळा डोंगर. सगळ्या गुहा बघायच्या नादाला लागू नका. तीन नंबरचं चैत्यगृह, म्हणजे भिक्षूंचं प्रार्थनागृह, बघा, तिथल्या ओसरीच्या दोन टोकांना उभ्या बुद्धाच्या सात-सात मीटर उंच मूर्ती आहेत, मान वर करून बघताना आपोआप गप्प व्हायला होतं. मग अकरा नंबर, तिला दरबार म्हणतात, आत दगडाची लांबच लांब दोन बाकं समोरासमोर कोरलीत, सकाळी तिथे कोणी नसतं, दहा मिनिटं बसा. भिंतींवरचे लेख वाचता येत नसले तरी माहीत असू द्या की ते बहुतेक देणगीचे आहेत, सोपारा, कल्याण अशा ठिकाणच्या व्यापाऱ्यांनी कोणी गुहा दिली, कोणी पाण्याचं टाकं दिलं. म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा कोणी माणूस दीड-दोन हजार वर्षांपूर्वी इथे येऊन टाक्याचे पैसे देऊन गेला. नव्वद नंबरच्या गुहेत तर पहलवी ह्या जुन्या इराणी लिपीत पारशी प्रवाशांनी नावं कोरून ठेवलीत, अकराव्या शतकातली.

पण मला विचाराल तर कान्हेरीत बघायची खरी गोष्ट आहे पाणी. कुठल्याही गुहेच्या दारात उभं राहून पायाजवळ बघा. बोटभर रुंदीची पन्हळ दगडात कोरलेली दिसेल, वरच्या उतारावरून येते, वळण घेते, एखाद्या पायरीला वळसा घालते आणि दाराशेजारच्या टाक्याच्या तोंडाशी येऊन थांबते. टाक्याचं तोंड लहान, चौकोनी, आत मात्र पोट मोठं. एका जुलैत मी माझ्या भाच्याला घेऊन अशाच एका दाराशी उभी होते, पाऊस नुकताच थांबलेला, आणि त्या पन्हळीतून पाण्याची एक पातळ चादर अजून सरकत होती, मध्येच एक वाळकं पान अडकलं, पाणी क्षणभर फुगलं, मग पान सोडून पुढे गेलं आणि टाक्यात टप टप असा आवाज. भाच्याने विचारलं, मावशी हा पाइप अजून चालू आहे? म्हटलं हो रे, अजून चालू आहे. जवळपास प्रत्येक गुहेला स्वतःचं टाकं आहे, डोंगरावर पडलेला पाऊस वाया न घालवता अख्ख्या वस्तीला वर्षभर पुरवायची सोय त्यांनी छिन्नी-हातोड्याने केली होती, आणि आपण त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहून मे महिन्यात टँकर मागवतो. टाक्यात पाय घालू नका, बाटली टाकू नका, आत डोकावायला वाकू नका, कडा शेवाळलेल्या असतात.

पावसाळ्यात कान्हेरीचा ओहोळ फुगतो आणि लोक त्यात बसायला धावतात. नका जाऊ. वरती डोंगरात पाऊस वाढला की खाली पाणी काही मिनिटांत वाढतं, वर आभाळ मोकळं असलं तरीही, आणि गुहांचा दगड ओला झाला की साबणासारखा. वनखात्याने दोरी बांधलीय ती अडवायला नाही, वाचवायला, हे माझं मत ठाम आहे आणि मी त्यावर वाद घालायला तयार आहे.

येताना रस्त्यात पाड्यांवरच्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात, काकडी, कैरी, उकडलेल्या शेंगा, एप्रिल-मेमध्ये करवंदं आणि जांभळं. त्यांच्याकडूनच घ्या. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर अशी वस्ती ह्या जंगलात पार्क व्हायच्याही कितीतरी आधीपासूनची आहे, रानातलं काय कधी पिकतं हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. मी एकदा विचारलं, मावशी करवंदं कशी दिली, तर म्हणाली वीस रुपये द्रोण, पण ताई आजची खाऊ नको, आंबट आहेत, दोन पाऊस पडू दे मग ये. मी तरीही घेतली, आणि खरंच आंबट होती, लोणचं घातलं त्याचं.

दुसरी खेप: परवानगीचा ट्रेल, वाटाड्यासोबत

आता खरं जंगल. इथे एक गोष्ट आधी पक्की करा, की डांबरी रस्ता सोडून आपल्या मनाने रानात शिरायला परवानगी नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे. पायवाट दिसली म्हणून आत गेलो असं चालत नाही. पार्कात निसर्ग माहिती केंद्र आहे, तिथे ट्रेलची चौकशी आणि नोंदणी होते, आधी ठरवून, पैसे भरून, सोबत माहितगार माणूस घेऊन जायचं. सोशल मीडियावर "सीक्रेट वॉटरफॉल, फक्त चारशे रुपये" अशा जाहिराती फिरतात, त्यांना एकच प्रश्न विचारा, वनखात्याची परवानगी दाखवा. दाखवली नाही तर पैसे देऊ नका. मी सुरुवातीच्या काळात अशाच एका ग्रुपबरोबर गेले होते, नाव घेत नाही, पंचवीस माणसं आणि पुढे-मागे मिळून एकच लीडर, दुपारी एक मुलगी घसरून पाय मुरगळला आणि मोबाइलला रेंज नाही, तिला खाली आणायला तीन तास लागले आणि अंधार पडत आला तेव्हा जी भीती वाटली ती अजून आठवते. त्यानंतर परवानगीशिवाय एकदाही नाही.

नव्या माणसाने शिलोंडा ट्रेल घ्यावा. चढ फार नाही, वाटेत ओहोळ लागतो, झाडी दाट, निवांत गेलात तर अडीच-तीन तास. जांभूळमाळचा ट्रेल दमछाक करणारा आहे, पण वरून एकीकडे तलाव, एकीकडे शहर, आणि हवा स्वच्छ असेल तर समुद्र, तो तिसऱ्या-चौथ्या खेपेला ठेवा.

ट्रेलवर चालायची रीत अशी. एका रांगेत, पुढच्याच्या पावलामागे पाऊल, बोलणं कमीत कमी आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पूर्ण थांबून दोन मिनिटं नुसतं ऐकायचं. नवीन लोकांना हे थांबणं फुकट गेल्यासारखं वाटतं पण सगळं त्या दोन मिनिटांतच कळतं. आधी आपल्या बुटांचा आवाज कानातून जायला वेळ लागतो, मग तांबट पक्ष्याची टुक टुक सुरू असलेली कळते, मग कुठून तरी टकाचोर पक्ष्याची गडबड, मग पाचोळ्यात खसफस, आणि पाचोळ्यातली खसफस दहातल्या नऊ वेळा सरड्याची किंवा सातभाई पक्ष्यांची असते, घाबरू नका.

झाडाला हात लावायच्या आधी बघा, ही सवय पहिल्या दिवसापासून. एक तर हिरवा चापडा साप फांदीवर फांदीसारखाच बसलेला असतो. दुसरं म्हणजे खाजकुहिली. पावसाळा संपला की ह्या वेलीला सोनेरी मखमलीसारख्या शेंगा लागतात, इतक्या सुंदर की हात आपोआप जातो, आणि मग ती लव कातडीत घुसते आणि माणूस नाचायला लागतो. चोळायचं नाही, पाणीही लगेच ओतायचं नाही, आधी चिकटपट्टी लावून ओढून काढायची, दोन-चार वेळा, मग धुवायचं. म्हणून ती चिकटपट्टी पिशवीत.

पावसाळ्यात वाटेवर आडवं मोठं जाळं लागलं तर काठीने तोडू नका, वाका आणि खालून जा. ते बहुधा जायंट वूड स्पायडर नावाच्या कोळ्याचं असतं, मादी तळहाताएवढी, काळे-पिवळे पाय, जाळ्याचे धागे उन्हात अक्षरशः सोन्यासारखे पिवळे दिसतात. जवळ जाऊन नीट बघितलंत, पण श्वास आवरून, तर जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तांबूस रंगाचा एक ठिपका दिसेल, मुंगीएवढा. तो नर. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं कचरा अडकलाय, आमच्या वाटाड्या दादांनी सांगितलं, नीट बघा ताई, तो सरकतो. अर्धा तास उभी होते मी तिथे, आणि तो फार तर वीतभर सरकला.

साप चावल्यावर काय करायचं तेही माहीत असू द्या, वापरायची वेळ येऊ नये पण माहीत पाहिजे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. दोरी आवळून बांधायची नाही, चीर द्यायची नाही, तोंडाने ओढायचं नाही, माणसाला धीर द्यायचा, चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि सरळ मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलात न्यायचं. वनखात्याचा हेल्पलाइन नंबर १९२६, तो फोनमध्ये आधीच टाकून ठेवा.

बिबट्याचं काय

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, अर्धे घाबरून आणि अर्धे उत्साहाने. बिबटे आहेत, भरपूर आहेत, २०१५ च्या कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) गणनेत पार्क आणि आजूबाजूला मिळून ३५ बिबटे मोजले होते आणि पुढच्या गणनांमध्ये आकडा वाढलेलाच आहे. दिवसा ट्रेलवर तुम्हाला तो दिसण्याची शक्यता नगण्य, तुम्ही त्याला दिसलेले असता. मला इतक्या वर्षांत फक्त पावलांचे ठसे दिसलेत, ओल्या मातीत, नखांची खूण नसलेले गोलसर, आणि एकदा भेकराचं, म्हणजे छोट्या हरणाचं, धोक्याचं भुंकणं ऐकू आलं, कुत्र्यासारखं पण जाडसर, पाठोपाठ वानरांचा खेकसा आवाज, आणि आमचे दादा नुसते बोट वर करून थांबले. सगळं जंगल थांबलं होतं. काही दिसलं नाही, पण तो अनुभव मी विसरणार नाही.

२००२ ते २००४ च्या काळात इथे हल्ले खूप वाढले होते, लोक मारले गेले, ते दिवस पार्काच्या कडेला राहणाऱ्यांना चांगले आठवतात. त्यानंतर ह्या विषयात काम करणाऱ्यांनी हे मांडलं की एका जागचे बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडले की त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, कारण अनोळखी जागी आणलेला प्राणी बिथरतो आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येतो. मग पकडापकडी कमी झाली, वस्त्यांमध्ये जाऊन लोकांशी बोलणं वाढलं. बिबट्या वस्तीजवळ येतो तो कुत्र्यांसाठी, कुत्री येतात कचऱ्यासाठी, कचरा आपला. पाड्यांवर वाघोबाला शेंदूर लावून पूजतात, पिढ्यान्‌पिढ्या, त्यांना बिबट्याच्या शेजारी राहायचं कसं हे कोणी शिकवायला लागलं नाही.

तुमच्यासाठी नियम साधे. सूर्य मावळायच्या आत बाहेर. लहान मूल कायम मोठ्यांच्या मध्ये, हात धरून, पुढे पळू द्यायचं नाही. झुडपाआड एकट्याने उकिडवं बसायचं नाही, शू-शीचं आधीच उरकून घ्या, गेटजवळ सोय आहे. आणि समजा दिसलाच, तर पळायचं नाही, खाली वाकायचं नाही, फोटोसाठी पुढे जायचं नाही, मुलाला उचलून घ्यायचं, उभं राहून हळूहळू मागे सरायचं, त्याला जायला वाट ठेवायची. तो जातो.

तिसरी खेप: ऋतू बघून

जंगल एकच असलं तरी वर्षातून चार वेळा कपडे बदलतं, म्हणून तिसरी खेप पहिल्या दोन्हींपेक्षा वेगळ्या महिन्यात ठेवा. जून-जुलैत हिरवा रंग डोळ्यांना सोसवत नाही इतका, नवरंग पक्षी ह्याच सुमाराला येतो, दोन सुरांची शीळ घालतो. श्रावणात रानहळदीची गुलाबी कणसं आणि कळलावीची पेटल्यासारखी फुलं. ऑक्टोबर-नोव्हेंबर फुलपाखरांचे, त्यात निलवंत शोधा, काळ्या पंखांवर निळसर मोठे डाग, हे आपलं राज्य फुलपाखरू आहे, उडताना मोठ्या पाखराएवढं वाटतं. थंडीत पक्षी बघणाऱ्यांची चंगळ, स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी झाडीतून रिबिनीसारखी जाताना दिसली की दिवस भरून पावला. मार्चमध्ये लोक म्हणतात जंगल वाळलं, आता काय बघायचं, तर तेव्हाच पळस, पांगारा, काटेसावर लाल असतात, कुसुंबाची नवी पालवी लाल असते, आणि पानं गळल्यामुळे कांडोळाची पांढरीफटक खोडं उघडी पडतात, सकाळच्या उजेडात अंगावर काटा येतो. मला स्वतःला मार्च सगळ्यात आवडतो, फक्त नऊ-साडेनऊच्या आत परत फिरायचं.

आणि कारवी. ही झुडपं आठ वर्षांतून एकदाच फुलतात, सगळी एकदम, २००८, २०१६, आणि मग २०२४. मी शेवटच्या दोन्ही वेळा बघितली, अख्खा उतार जांभळा, त्यावर मधमाशांचा इतका गुंजारव की बाजूच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत होता. फुलून झालं की झाड मरतं, बोंडं वाळतात आणि पुढच्या पावसाच्या ओलाव्याने तड तड फुटून बी उडवतात. वाळलेल्या काठ्या विणून त्यावर शेणमाती लिंपून पाड्यांवरची घरं उभी राहतात. आता गेलात तर त्याच उतारांवर नवीन कारवी वाढताना दिसेल, पायवाटेच्या कडेने, खरखरीत पानांची, तिच्यावर पाय देऊ नका, ती फुलायची आहे २०३२ ला.

चौथी खेप: दुसऱ्या दाराने

बोरिवलीची बाजू ओळखीची झाली की ठाण्याहून येऊर करा, तिथे पक्षी जास्त मोकळेपणाने दिसतात, पण तिथेही परवानगी आणि वेळेचं बंधन आहेच. नागल्याला जंगल आणि खाडी एकत्र. लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील असतील तर गोरेगावला फिल्म सिटीजवळ बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तिथल्या सकाळच्या फेऱ्या हळू आणि समजावून सांगणाऱ्या असतात, माझ्या आईचा गुडघा दुखतो तरी ती तिथे मजेत फिरली. सफारीला मुलांना घेऊन जा एकदा, त्यांना आवडते, त्याबद्दल ह्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

दर खेपेला एक छोटी वही ठेवा असं मी सगळ्यांना सांगते. तारीख, वेळ, काय दिसलं, नाव माहीत नसेल तर नुसतं वर्णन, "लाल बुडाचा काळा पक्षी, बुलबुलासारखा" असं. तीन-चार खेपांनंतर जुनी पानं उलटलीत की त्यातली निम्मी नावं तुम्हाला आपोआप येत असतात, तो लाल बुडाचा बुलबुलच होता हेही कळतं.

घरी आलात की आत शिरायच्या आधी दाराबाहेरच बूट काढा, मोजे उलटे करून झटका, कुसळं आणि भिकबाळ्यासारखं चिकटलेलं बी तिथेच निघू द्या. कपडे वेगळे टाका. आंघोळ करताना गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड आहे का बघा, असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिरगळू नका. मुलांचं डोकंही बघा. मग भरपूर पाणी प्या आणि झोपा, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतील, त्या दोन दिवसांत थांबतात.